तालमीतली प्रॉक्सी



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे आले, आणि मग राहूनच गेलं. आज जे लिहिणार आहे ते वाचून तुम्ही म्हणाल, बाईंना झालंय तरी काय! मराठी माध्यमातून बी. ए. केलेली, जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलेली बाई, आणि लेख कशावर, तर संगणकाच्या प्रोग्रॅमच्या चाचण्यांवर! पण शेवटपर्यंत वाचा. हा इतिहासच आहे, फक्त त्यात लढाया आणि तह नाहीत.

त्याचं असं झालं. माझी नात पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेल्या दिवाळीत घरी आली ती गप्प गप्प. एरवी डबा उघडून उभ्या उभ्या चकल्या संपवणारी पोरगी, ताट पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिली. रात्री अंथरुणं घातल्यावर हळूच म्हणाली, "आजी, सगळ्या टेस्ट ग्रीन होत्या गं. एकही लाल नव्हती. तरी प्रॉडक्शनला सगळं पडलं."

प्रॉडक्शन म्हणजे खरे ग्राहक वापरतात ती जागा, हे मला त्या रात्री कळलं. ऐन सणाच्या गर्दीत लोकांना वस्तूंऐवजी 'काहीतरी चुकलं आहे' असं पान दिसत होतं, तेही कितीतरी वेळ. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, "टेस्ट कोणी लिहिल्या होत्या?" आणि सगळ्यांनी हिच्याकडे पाहिलं. "मला हे जमत नाही बहुतेक, सोडून द्यावं म्हणते," असं म्हणून तिने कूस बदलली.

'मला जमत नाही' हे वाक्य मी पस्तीस वर्षं वर्गात ऐकलं आहे, आणि ते ऐकलं की मला स्वस्थ बसवत नाही. म्हटलं, "उठ, आणि टेस्ट म्हणजे काय ते मला आधी समजावून सांग." ती सांगत गेली, मी विचारत गेले. पुढचे काही महिने मग मी जमेल तसं वाचत राहिले. अडलं की फोन करायचा. त्यातून जे समजलं ते माझ्या भाषेत मांडते.

शाळेच्या ऑफिसची खिडकी डोळ्यांपुढे आणा. पालक येतो, शाळा सोडल्याचा दाखला मागतो. खिडकीवरचा कारकून अर्ज बघतो. अर्ज अर्धवट असेल तर परत करतो. पूर्ण असेल तर आत रेकॉर्डच्या खोलीत विचारतो, आणि आतून येईल त्याप्रमाणे पालकाला उत्तर देतो. दाखले लिहिणं हे त्याचं काम नाही. नीट ऐकून घेणं, योग्य ठिकाणी विचारणं आणि योग्य शब्दांत सांगणं, एवढंच. वेब सेवेत हे काम करणाऱ्या भागाला 'कंट्रोलर' म्हणतात. त्याची उत्तरं आकड्यांत असतात. २०० म्हणजे ठीक, ४०० म्हणजे तुमची मागणीच चुकली, ४०४ म्हणजे सापडलं नाही, ५०० म्हणजे आमच्याकडेच बिघाड.

आता या कारकुनाची परीक्षा घ्यायची आहे. आत जुनी नोंदवही फाटलेली निघाली तर तो पालकाला काय सांगेल? हे बघायला खरी वही फाडायची का? रेकॉर्डच्या खोलीला आग लागली तर तो काय करेल, हे बघायला आग लावायची का? नाही. आत खऱ्या माणसाच्या जागी आपला माणूस बसवायचा आणि त्याला सांगून ठेवायचं, "त्याने विचारलं की 'वही फाटली' एवढंच म्हण." मग खिडकीवर काय होतं ते बघायचं. असा आत बसवलेला माणूस म्हणजे 'मॉक'. खरी खोली उघडावी लागत नाही, त्यामुळे अशा शेकडो परीक्षा काही सेकंदांत उरकतात.

"अगं, म्हणजे ही तालमीतली प्रॉक्सीच की!" मी म्हटलं. आमच्या स्नेहसंमेलनाच्या नाटकांत नट गैरहजर असला की त्याची वाक्यं म्हणायला कोणीतरी उभं राहायचं, ती प्रॉक्सी. नात हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. पण प्रॉक्सीचं बोलता बोलता मला जे आठवलं ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही. ते पुढे येईलच.

आता इतिहास.

आतला माणूस खोटा बसवायची ही युक्ती नवी नाही. ग्लेनफोर्ड मायर्स यांचं सॉफ्टवेअरच्या चाचणीवरचं गाजलेलं पुस्तक १९७९ सालचं. त्यात 'स्टब' आहेत. वरचा भाग तयार आहे, खालचा अजून लिहायचा आहे, तर खालच्याच्या जागी तात्पुरतं एक खुंटासारखं काहीतरी उभं करायचं. ते ठरलेलं उत्तर देतं आणि काम पुढे चालतं. गंमत म्हणजे 'कंट्रोलर' हे नावही १९७९ चंच. नॉर्वेचे ट्रिग्वे रेन्सकाउग तेव्हा अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात पाहुणे म्हणून होते. प्रोग्रॅमचे तीन भाग करावेत, माहिती सांभाळणारा मॉडेल, ती दाखवणारा व्ह्यू आणि माणसाच्या हालचाली ऐकून घेणारा कंट्रोलर, ही मांडणी त्यांची. वेबचा तेव्हा पत्ताच नव्हता. पुढे वेबवाल्यांनी ते शब्द उचलले आणि आपल्या सोयीने वापरले.

प्रोग्रॅमरने आपल्या कामाच्या छोट्या छोट्या चाचण्या स्वतःच लिहाव्यात आणि त्या यंत्राने पुन्हा पुन्हा चालवाव्यात, या सवयीला वळण लावलं अमेरिकेतल्या केंट बेक यांनी. १९९४ मध्ये त्यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठी अशी व्यवस्था मांडली. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला एका परिषदेसाठी जाताना विमानात बेक आणि स्वित्झर्लंडचे एरिख गामा शेजारी बसले होते, आणि त्या प्रवासात दोघांनी मिळून जावासाठी तसंच साधन लिहायला घेतलं. तेच 'जेयुनिट'. माझ्या नातीच्या बोलण्यातली लाल आणि हिरवी पट्टी तिथली. चाचणी पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल.

आणि मॉक? तो जन्मला लंडनमध्ये, १९९९ साली, कनेक्स्ट्रा नावाच्या एका छोट्या कंपनीत. तिथले तांत्रिक प्रमुख जॉन नोलन यांनी आपल्या लोकांना एक पण घातला. प्रोग्रॅमच्या कोणत्याही भागाला 'तुझ्या पोटात काय आहे ते दाखव' असं विचारायचं नाही. त्याला काम सांगायचं, बस. प्रत्येकाने आपलं आपण सांभाळावं, दुसऱ्याने त्याच्या घरात डोकावू नये, हा हेतू. पण मग पंचाईत अशी, की काम झालं की नाही हे कळणार कसं?

याचं उत्तर मला फार आवडलं. मुलाचं दप्तर उघडून बघायचं नाही ना, मग त्याच्या शेजारी आपला माणूस बसवा आणि तो शेजाऱ्याशी काय बोलतो ते ऐका. म्हणजे हा मॉक फक्त ठरलेलं उत्तर देत नाही, त्याला काय विचारलं गेलं हेही तो तपासतो. कारकुनाने दाखला क्रमांक बरोबर सांगितला का? एकदाच विचारलं की दोनदा? अर्ज अपुरा असताना उगाच आत विचारलं तर नाही? स्टब आणि मॉक यांच्यात फरक आहे तो हा. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० साली इटलीत सार्डिनियाला झालेल्या परिषदेत यावर निबंध वाचला. त्यांनी या प्रकाराला 'एंडो-टेस्टिंग' असं नाव दिलं होतं. म्हणजे आत शिरून केलेली तपासणी.

पुढे २००४ मध्ये फ्रीमन, मॅकिनन, नॅट प्राइस आणि जो वॉल्न्स या चौघांनी दुसरा निबंध लिहिला. त्याचं सार माझ्या शब्दांत असं, की नक्कल नटाची करू नका, भूमिकेची करा. समोर अजून कोणी नाही, पण आपल्याला समोरच्याकडून काय हवं आहे, हे ठरवायला मॉक वापरा. त्यातच त्यांनी एक नियम सांगितला होता. जे तुमच्या मालकीचं आहे त्याचीच नक्कल करा. परक्याच्या वस्तूची नक्कल करू नका, कारण ती खरोखर कशी वागते हे तुम्हांला पुरतं माहीत नसतं आणि तिला बदलणंही तुमच्या हातात नसतं.

हे वाचलं आणि मी लगेच नातीला फोन लावला. कारण तिच्याकडे नेमकं तेच झालं होतं. तिची सेवा वस्तूंची माहिती दुसऱ्या टीमच्या सेवेकडून घेते. वस्तू नसेल तर ती सेवा पूर्वी '४०४, सापडलं नाही' असं सांगायची. मधल्या काळात त्या टीमने त्यात बदल केला. आता वस्तू नसली तरी '२००, ठीक' असं म्हणून रिकामं पाकीट हातात द्यायचं. हिचा मॉक मात्र जुनंच उत्तर देत राहिला. त्याला कोण सांगणार? टेस्ट हिरव्या, आणि खिडकीवरचा कारकून रिकामं पाकीट उघडून कोसळला.

"पण आजी, मला हा नियम कोणी सांगितलाच नव्हता. आधीच्या सगळ्या टेस्ट तशाच लिहिलेल्या होत्या," ती म्हणाली.

तसं का झालं असावं, हेही इतिहासात सापडतं. सुरुवातीला मॉक हाताने लिहावा लागे. मग २००१ मध्ये टॅमो फ्रीझ यांचं 'ईझीमॉक' आलं, पुढे 'जेमॉक', आणि २००८ च्या सुमारास श्चेपान फाबर यांचं 'मॉकिटो'. (हे नाव मोहितो नावाच्या पेयावरून. नातीने सांगितलं म्हणून कळलं!) एका ओळीत मॉक तयार होऊ लागला. जे सोपं झालं ते सगळीकडे गेलं, आणि त्यामागचा विचार मात्र निबंधातच राहिला. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्येच 'मॉक म्हणजे स्टब नव्हे' असं समजावणारा लेख लिहिला होता. जेरार्ड मेझारोस यांनी २००७ च्या पुस्तकात या सगळ्या सोंगांना मिळून एक नाव दिलं, 'टेस्ट डबल'. सिनेमात नायकाच्या जागी उडी मारतो तो डबल, त्यावरून.

२०१४ मध्ये तर या विषयावर चांगलंच वाजलं. 'रूबी ऑन रेल्स' तयार करणारे डेव्हिड हाइनमायर हॅन्सन म्हणाले, की केवळ मॉक लावता यावेत म्हणून लोक चांगल्या प्रोग्रॅमचे तुकडे करून त्याचा आकार बिघडवत आहेत. कंट्रोलर हा तर सगळ्यांना जोडणारा भाग, त्याची परीक्षा खऱ्या मंडळींसोबतच घ्यावी, एकट्याची नको. मग बेक, फाउलर आणि हॅन्सन यांनी त्या मे-जूनमध्ये आपसात चर्चा केली. स्वतः बेक यांनीही त्यात सांगितलं, की ते मॉक फारसे वापरत नाहीत. मला या भांडणात कोणाची बाजू घेण्याइतकं कळत नाही. पण वही फाटली तर कारकून काय म्हणेल, हे मॉकशिवाय सहज बघता येत नाही, हे मला पटतं. आणि खरी वही आज कशी आहे, हे मॉकला विचारून कळत नाही, हेही पटतं.

हे न कळल्याने केवढं नुकसान होऊ शकतं, याचं उदाहरण मॉक हा शब्द रुळण्याआधीचं आहे. दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयानामध्ये कुरू इथे युरोपचा अवकाशतळ आहे. आपला 'ॲपल' उपग्रह १९८१ मध्ये एरियन रॉकेटने तिथूनच गेला होता. हो, तोच, बैलगाडीवर ठेवलेला फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तर ४ जून १९९६ रोजी तिथून नवं, मोठं 'एरियन ५' पहिल्यांदाच उडालं. चाळीसेक सेकंदांत ते वाट सोडून वळलं, मोडलं आणि फुटलं. आत 'क्लस्टर' मोहिमेचे चार उपग्रह होते.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष होते फ्रेंच गणिती झाक-लुई लिओन्स. जुलै १९९६ मध्ये अहवाल आला. रॉकेटची दिशा आणि वेग सांगणारं यंत्र जुन्या एरियन ४ वरून जवळजवळ तसंच घेतलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा कितीतरी जास्त. त्याच्याशी निगडित एक मोठा आकडा सोळा बिटांच्या छोट्या जागेत बसवायला गेले, तो मावला नाही, आणि यंत्र बंद पडलं. जोडीला राखीव यंत्र होतं, पण त्यातही तोच प्रोग्रॅम. ते तर आधीच बंद पडलं होतं. आणि ज्या हिशेबात ही चूक झाली, त्याची उड्डाणानंतर एरियन ५ ला गरजच नव्हती!

पण मी थबकले ती पुढच्या मुद्द्यावर. उड्डाणाआधी सगळ्या व्यवस्थेच्या एकत्र चाचण्या झाल्या होत्या. त्या चाचण्यांत हे यंत्र प्रत्यक्ष बसवलेलंच नव्हतं. त्याच्या जागी त्याच्यासारखं वागणारा प्रोग्रॅम ठेवला होता. म्हणजे प्रॉक्सीच! यंत्राची स्वतःची परीक्षा वेगळी झालेली आहे, आणि खरं यंत्र जोडणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, अशी कारणं होती, आणि ती अगदी खुळचट नव्हती. पण त्या वेगळ्या परीक्षेतही एरियन ५ चा खरा मार्ग दिलेला नव्हता. अपघातानंतर मात्र त्या यंत्राच्या प्रोग्रॅमला खऱ्या उड्डाणाचे आकडे देऊन बघितलं, तर अपघाताची साखळी जशीच्या तशी पुन्हा घडली.

आणखी एक गोष्ट त्या अहवालात आहे. कोणते आकडे जपायचे आणि कोणते तसेच सोडायचे, हा निर्णय प्रकल्पातल्या भागीदारांनी निरनिराळ्या पातळ्यांवर मिळून घेतला होता. 'हे कोणी लिहिलं होतं?' असं विचारून समितीने कोणा एका प्रोग्रॅमरकडे बोट दाखवलेलं नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटलं, कारण मला माझीच एक गोष्ट छळायला लागली. तीच, जी नातीला त्या रात्री सांगितली नव्हती.

साल १९८४ की ८५. आठवीच्या मुलांचं ऐतिहासिक नाटुकलं मी बसवत होते. किल्लेदार झालेला मुलगा कांजिण्यांनी आजारी पडला. बारा दिवस त्याची प्रॉक्सी मी केली. हातात वही घेऊन, एक शब्द इकडचा तिकडे न करता. हेर झालेला मुलगा माझ्यासमोर फार सुरेख काम करायचा. माझं वाक्य संपलं की त्याचं सुरू, घड्याळासारखं. मीही खूश. ऐन दिवशी किल्लेदार बरा होऊन आला. सवय मोडलेली, घाबरलेला. त्याने मधली तीन वाक्यं गाळली. हेराला हवं ते वाक्य आलंच नाही. तो उभाच राहिला. सभागृहात हसू पिकलं, पडदा पाडावा लागला.

विंगेत मी कोणाला रागावले असेन? हेराला. "बारा दिवस पाठ होतं ना रे तुझं? मग आज काय झालं?" तो रडत होता आणि म्हणत होता, "बाई, तो तुमच्यासारखं बोललाच नाही." मला ते तेव्हा उलट उत्तर वाटलं. खरं तर त्या पोराने एका वाक्यात सगळं सांगितलं होतं. त्याची पाठांतराची तालीम झाली होती, पण ज्याच्याशी बोलायचं त्याच्याबरोबर एकदाही झाली नव्हती. ते बघणं माझं काम होतं. किल्लेदार आदल्या दिवशी संध्याकाळीच बरा झाला होता. त्याच्या घरी हेराला घेऊन जाऊन एकदा वाक्यं म्हणून घेतली असती तरी पुरलं असतं. मी गेले नाही, कारण माझ्या तालमी उत्तम होत होत्या.

यावेळी मात्र हे सगळं मी नातीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजी, आमच्याकडे त्याला काँट्रॅक्ट टेस्ट म्हणतात." हा विचार २००६ च्या आसपास मांडला गेला, आणि २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात त्यासाठी 'पॅक्ट' नावाचं साधन तयार झालं. पॅक्ट म्हणजे तह! (बघा, शेवटी आलाच.) आपला मॉक जी उत्तरं देतो ती एका करारात लिहिली जातात, आणि तोच करार खऱ्या सेवेपुढे ठेवून विचारलं जातं, "तू अजून असंच बोलतेस ना?" तिने शब्द बदलले असतील तर ग्राहकांना कळायच्या आधी लाल दिवा लागतो. तालमीला प्रॉक्सी राहतेच, पण प्रॉक्सीच्या हातातली वही रोज खऱ्या नटाकडून तपासून घेतली जाते.

नातीने हे मीटिंगमध्ये मांडलं. लगेच कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुसऱ्या टीमने आधी कुरकुर केली. पण गेल्या महिन्यापासून दोन टीममध्ये ते सुरू झालं आहे असं ती सांगते. नोकरी सोडलेली नाही. चकल्यांचा डबा मात्र या खेपेला आल्या दिवशीच रिकामा झाला.

तो हेर आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. कुठे असतो, काय करतो, मला माहीत नाही. त्याची माफी मागायची राहून गेली आहे. ती इथे मागते.

तुमच्याही आयुष्यात अशी एखादी प्रॉक्सी असेल, तिच्यासमोर सगळं छान जमलं आणि ऐन वेळी फसगत झाली असेल, तर जरूर लिहून कळवा. डोळा आता बरा आहे, सगळं वाचीन.